प्रश्न काढणाऱ्याचं पण नाव छापा की

मा. संपादक साहेब,

स. न. वि. वि.

पत्र लांबणार आहे हे आधीच सांगतो, कापायचं असेल तर मधलं कापा पण शेवटचं तेवढं ठेवा.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत शेवटच्या पानावर प्रश्नमंजुषेची चौकट येते, ती मी गेली कित्येक वर्षं चहा गार होईपर्यंत सोडवतो. त्याच पानावर शब्दकोड्याखाली कोडं रचणाऱ्याचं नाव असतं, राशिभविष्याखाली ज्योतिषांचं नाव असतं ते पण पदवीसकट, पाककृतीखाली वहिनींचं नाव आणि फोटो असतो, आणि प्रश्नमंजुषेखाली काहीच नसतं. म्हणजे प्रश्न काय पावसाळ्यात कुत्र्याच्या छत्र्या उगवतात तसे रात्रीतून आपोआप उगवतात का? कोणीतरी बसून काढलेले असतातच ना. का कुठूनतरी उचललेले असतात आणि म्हणून नाव नसतं, ही शंका मला मागच्या महिन्यापासून यायला लागलीय, कारण ‘भारताचा राष्ट्रीय खेळ कोणता’ हा प्रश्न परत आला आणि उत्तर परत हॉकी छापलं. अहो सरकारनेच २०१२ साली माहिती अधिकाराच्या अर्जाला उत्तर दिलंय की असा कुठलाही खेळ राष्ट्रीय खेळ म्हणून जाहीर केलेला नाही, आणि तो अर्ज एका शाळकरी मुलीने केला होता. मुलीला जी शंका आली ती प्रश्न काढणाऱ्याला आली नाही. पण चूक कोणाची म्हणायची, खाली नावच नाही!

आता मी कोण हे सांगतो म्हणजे हा एवढा का पेटलाय ते कळेल. मी सांगलीला असतो, पोटापाण्याला सॉफ्टवेअर, आणि फावल्या वेळात आसपासच्या शाळांसाठी क्विझचे प्रश्न काढतो. फुकट. कधी श्रीफळ आणि गुलाबपुष्प मिळतं, कधी फक्त वडापाव. शिकायला पुण्यात होतो तेव्हा सीओईपी ह्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या बोट क्लबवर जो क्विझ क्लब भरायचा तिथे जायची सवय लागली, माझं कॉलेज दुसरं होतं पण तिथे कोणीही जाऊन बसलं तरी चालायचं. पहिल्या दिवशी गेलो आणि उत्तर सोडाच, मला प्रश्नच कळेनात. मी दहावीपर्यंत तालुक्यातला जीके चॅम्पियन, नद्यांची लांबी पाठ, राजधान्या पाठ, आणि इथे लोक असले प्रश्न विचारत होते की ज्यात पाठांतराचा काडीचा उपयोग नाही. चार चित्रं दाखवायची आणि कनेक्ट, म्हणजे त्यांच्यातला समान धागा, विचारायचा. किंवा पाच ओळींचा प्रश्न, त्यात कुठेतरी एक धागा सोडलेला, तो पकडून उत्तरापर्यंत चालत जायचं, ह्याला वर्कआऊट म्हणायचे. सगळ्यांना सहज येईल असा प्रश्न म्हणजे सिटर, आणि सिटर जास्त झाले की लोक क्यूएमकडे, म्हणजे क्विझमास्टरकडे, अशा नजरेने बघायचे की त्याने पुढच्या वेळी रात्र जागून प्रश्न काढावेत. तिथे मला पहिल्यांदा कळलं की प्रश्न ‘काढणं’ हे एक काम आहे आणि ते उत्तर देण्यापेक्षा अवघड आहे.

तर मुद्दा. दोन वर्षांपूर्वी आमच्या भागातल्या एका आंतरशालेय स्पर्धेला प्रेक्षक म्हणून गेलो होतो (प्रश्न माझे नव्हते, हे महत्त्वाचं). फायनलला प्रश्न आला, महाराष्ट्राचं राज्यफूल कोणतं. सातवीतल्या एका मुलीने झटक्यात हात वर केला आणि म्हणाली, जारूळ. क्विझमास्टर कार्डकडे बघून म्हणाले, चूक, पुढची टीम. पुढच्या टीमने ताम्हण सांगितलं, टाळ्या, दहा मार्क. साहेब, ताम्हण आणि जारूळ एकच झाड आहे! कोणी तामण म्हणतं, कोणी मोठा बोंडारा म्हणतं, उन्हाळ्यात रस्त्याकडेला जांभळं होऊन उभं असतं ते. मुलीच्या बाई उठून सांगायला गेल्या तर माइकवरून सांगितलं, परीक्षकांचा निर्णय अंतिम राहील. परीक्षक म्हणजे एक छापील कार्ड, त्याच्यामागे एक शब्द. ती मुलगी रडली वगैरे नाही, नुसती खाली बघत बसली आणि नंतरच्या एकाही प्रश्नाला तिने हात वर केला नाही.

घरी येताना गाडीवर मला केन जेनिंग्ज आठवला. आता हे कुठून कुठे गेलो असं वाटेल, पण संबंध आहे, थेट आहे.

केन जेनिंग्ज म्हणजे अमेरिकेतल्या ‘जेपर्डी’ नावाच्या टीव्ही क्विझमध्ये २००४ साली सलग ७४ वेळा जिंकलेला माणूस. जून ते नोव्हेंबर टीव्हीवर तोच, एकूण २५ लाख २० हजार ७०० डॉलर जिंकला. आपल्याकडे त्याच्यावर कधीमधी लिहून येतं ते सगळं ह्या आकड्यावर, अफाट स्मरणशक्ती, मानवी कॉम्प्युटर वगैरे. पण त्याचं करिअर नीट बघितलं तर टीव्हीवर जायच्या आधी तो बरीच वर्षं काय करत होता? प्रश्न काढत होता.

जन्म १९७४ चा, वडील वकील, त्यांच्या नोकरीमुळे लहानपण दक्षिण कोरियात सोलला गेलं, तिथे अमेरिकन सैन्याच्या चॅनलवर शाळेतून आल्यावर हा जेपर्डी बघायचा. नंतर युटातल्या ब्रिगॅम यंग युनिव्हर्सिटीत शिकला, इंग्रजी साहित्य आणि कॉम्प्युटर सायन्स असं दोन्ही, आणि तिथल्या क्विझ बोलच्या टीमचा कॅप्टन होता. क्विझ बोल म्हणजे तिथल्या कॉलेजांमधली अभ्यासाच्या विषयांवरची क्विझ, ह्याचं मूळ १९५३ मध्ये रेडिओवर सुरू झालेल्या ‘कॉलेज बोल’ मध्ये. १९९६ साली एनएक्यूटी नावाची संस्था निघाली, ती शाळा-कॉलेजांच्या स्पर्धांसाठी प्रश्नांचे संच तयार करून विकते. हो, विकते! प्रश्न लिहिणाऱ्याला पैसे, तपासणारे संपादक वेगळे, विषयानुसार. जेनिंग्ज त्यांच्यासाठी प्रश्न लिहायचा आणि साहित्य व पुराणकथा ह्या दोन विषयांचं संपादन करायचा. पोटासाठी सॉल्ट लेक सिटीत दवाखान्यांना डॉक्टर पुरवणाऱ्या एका कंपनीत प्रोग्रॅमर. म्हणजे दिवसा कोड आणि रात्री प्रश्न, माझ्यासारखंच, फरक इतकाच की त्याला वडापाव नाही, चेक मिळायचा. (बायकोने हे वाक्य वाचून मान हलवली.)

आता क्विझ बोलचा प्रश्न कसा असतो हे सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. त्याला तिकडे पिरॅमिड म्हणतात. प्रश्न पाच-सहा ओळींचा, सुरुवातीला सगळ्यात अवघड माहिती, मग जरा सोपी, मग अजून सोपी, आणि शेवटच्या ओळीत ‘दहा गुणांसाठी सांगा’ म्हणून असं काहीतरी की ते कोणालाही यावं. प्रश्न वाचून व्हायची वाट बघायची नाही, उत्तर कळलं की मध्येच बझर दाबायचा. फार लवकर, ठराविक खुणेच्या आधी दाबून बरोबर आलं तर १५, नंतर दाबून आलं तर १०, आणि मध्येच दाबून चुकलं तर वजा ५. निगेटिव्ह मार्किंग म्हटलं की एमपीएससीवाल्यांना घाम फुटतो, पण इथे त्याला अर्थ आहे, कारण तुम्ही हाव केलीत. बरोबर आलेल्या टीमला वर तीन भागांचा बोनस.

उदाहरण देतो, नाहीतर हवेत बोलल्यासारखं होईल. आपल्याकडचा प्रश्न: लोणार सरोवर कोणत्या जिल्ह्यात आहे? उत्तर बुलढाणा. संपलं. ज्याने यादी पाठ केली त्याला आलं, जो स्वतः तिथे जाऊन काठावर उभा राहून आला पण जिल्ह्याचं नाव विसरला, त्याला नाही. आता हाच पिरॅमिड करून बघा. ‘इथल्या खडकात मास्केलिनाइट नावाची काच सापडली आणि जन्माबद्दलचा जुना वाद मिटायला मदत झाली. १८२३ मध्ये अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने ह्याची नोंद केली. २०२० च्या जून महिन्यात इथलं पाणी गुलाबी झालं तेव्हा पुण्याच्या आघारकर संस्थेने नमुने तपासून खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांकडे बोट दाखवलं, आणि त्याच वर्षी ह्याला रामसर यादीत जागा मिळाली. लवणासुराच्या कथेशी जोडलेल्या ह्या ठिकाणाजवळ दैत्यसूदनाचं देऊळ आहे. दहा गुणांसाठी, बेसॉल्ट खडकात उल्का आदळून तयार झालेलं बुलढाणा जिल्ह्यातलं हे खाऱ्या पाण्याचं सरोवर कोणतं?’ बघा, भूगर्भशास्त्र वाचलेला पहिल्या ओळीला दाबेल, पेपर वाचणारा तिसऱ्या ओळीला, आजीकडून गोष्ट ऐकलेला चौथ्याला, आणि शेवटी सगळ्यांनाच येईल. आणि ज्यांना नाही आलं ते पण घरी जाताना चार गोष्टी घेऊन जातील. हा एक प्रश्न काढायला मला दीड तास लागला. जिल्हावाल्या प्रश्नाला दीड मिनिट पण नाही.

तर असले शेकडो प्रश्न रचताना आणि दुसऱ्यांचे तपासताना माणसाच्या डोक्यात काय होत असेल विचार करा. एखाद्या कादंबरीवर प्रश्न लिहायचा तर तिच्यातली कुठली गोष्ट अवघड, कुठली मध्यम, कुठली सगळ्यांना माहीत, ह्याची उतरंड लावावी लागते. पुन्हा वाक्य असं लिहायचं की दुसरं कुठलंही उत्तर त्यात बसता कामा नये. हे करून करून समोरचा प्रश्न कानावर पडला की तो लिहिणाऱ्याने काय विचार केला असेल, कुठे वळण ठेवलं असेल, हे कळायला लागतं. स्वयंपाक करणारी बाई दुसऱ्याकडची आमटी एक भुरका घेऊन सांगते ना, गूळ नंतर घातलाय, तसं. जेनिंग्जची स्मरणशक्ती चांगली असणारच, पण माझं ठाम मत आहे की त्या ७४ विजयांमध्ये निम्मा हात प्रश्न काढण्याच्या सवयीचा आहे. ह्याला पुरावा मागाल तर नाही, अनुभव आहे.

आणि गंमत म्हणजे जेपर्डी हा क्विझ बोलच्या उलटा खेळ आहे. तिथे प्रश्न वाचून पूर्ण झाल्याशिवाय बझर चालत नाही, वाचून झालं की बाजूचे दिवे लागतात, त्याआधी दाबलं तर पाव सेकंद तुमचा बझर बंद पडतो, आणि पाव सेकंदात शेजारचा उत्तर देऊन मोकळा. क्विझ बोलवाल्याचा अंगठा घाई करायला शिकलेला, त्याला इथे थांबायला शिकायचं. म्हणून हा पठ्ठ्या घरी टीव्हीसमोर उभा राहून आपल्या लहान मुलाचं खेळणं हातात धरून बझरची प्रॅक्टिस करायचा आणि बायको कार्डं करून त्याची उजळणी घ्यायची. आमच्या घरी हा किस्सा मी मुद्दाम दोनदा सांगितलाय, उपयोग झाला नाही.

आता जारूळवर येतो. जेनिंग्जच्या पहिल्या दिवशीचा शेवटचा प्रश्न, खेळ त्याच्यावर अडलेला. एकाच ऑलिंपिकमध्ये ॲथलेटिक्सच्या पाच वेगवेगळ्या प्रकारांत पदकं मिळवणारी पहिली महिला कोण. सिडनी २००० ची मॅरियन जोन्स. ह्याने नुसतं ‘जोन्स’ लिहिलं. जोन्स तिकडे म्हणजे आपल्याकडे पाटील! पण सूत्रसंचालक ॲलेक्स ट्रेबेक म्हणाले की स्वीकारलं, महिला ॲथलीटमध्ये जोन्स काही फार नाहीत. त्या दिवशी कोणी कार्डाकडे बघून ‘पूर्ण नाव नाही, चूक, पुढची टीम’ म्हणालं असतं तर ७४ सोडा, एक पण झाला नसता आणि केन जेनिंग्ज सॉल्ट लेक सिटीत कोड लिहीत बसला असता. क्विझ बोलच्या छापील प्रश्नाखाली नुसतं उत्तर नसतं, कुठली कुठली उत्तरं मान्य करायची, कुठल्या अर्धवट उत्तराला ‘अजून नेमकं सांग’ म्हणायचं, हे सगळं लिहिलेलं असतं. ताम्हण, जारूळ पण मान्य. दोन शब्द जास्त लिहायचे होते फक्त. ज्याने कार्ड केलं त्याचं नाव कार्डावर असतं तर त्याने ते दोन शब्द शोधले असते असं मला वाटतं, निदान कोणीतरी जाऊन त्याला विचारलं तरी असतं.

त्या जोन्सच्या प्रश्नाची अजून एक मजा. २००७ मध्ये तिने उत्तेजक घेतल्याचं कबूल केलं आणि ती पाचही पदकं गेली. म्हणजे २००४ ला बरोबर असलेला प्रश्न आज तसाच विचारला तर चूक. प्रश्न नासतात साहेब, दुधासारखे. फ्रीजमधून काढून वास घेतल्याशिवाय वाढायचे नसतात. तुमच्याकडे कोण वास घेतं?

तो हरला तो प्रश्न पण सुंदर आहे, आमच्या भाषेत अस्सल वर्कआऊट. ३० नोव्हेंबर २००४ च्या भागात, ‘ह्या कंपनीचे ७० हजार हंगामी पांढरपेशे कर्मचारी, त्यातले बहुतेकजण वर्षातले चारच महिने काम करतात.’ नाताळात पार्सलं वाढतात म्हणून ह्याने फेडेक्स लिहिलं. समोर नॅन्सी झर्ग, कॅलिफोर्नियातली घरं विकणारी एजंट, तिने लिहिलं एच अँड आर ब्लॉक, लोकांचे टॅक्स रिटर्न भरून देणारी कंपनी. पांढरपेशे हा शब्द होता ना समोर! पार्सल टाकणारे पांढरपेशे कुठून असतील, आणि टॅक्सचा हंगाम जानेवारी ते एप्रिल, बरोबर चार महिने. सगळं प्रश्नातच होतं. ७४ दिवस जिंकलेल्या माणसाला एका शब्दाने पाडलं, आणि तो शब्द कोणीतरी विचार करून तिथे ठेवला होता. नॅन्सी झर्गचं नाव सगळ्यांना माहीत झालं. तो शब्द ठेवणाऱ्याचं किती जणांना माहीत आहे?

नंतरचं पटकन सांगतो. २०११ मध्ये तो आणि जेपर्डीचाच दुसरा मोठा विजेता ब्रॅड रटर आयबीएमच्या वॉटसन कॉम्प्युटरशी खेळले, वॉटसन ७७ हजार डॉलरवर गेला आणि हे दोघं वीस-पंचवीस हजारांत राहिले. पण त्याच वॉटसनने अमेरिकेतलं शहर विचारल्यावर टोरांटो सांगितलं होतं, जे कॅनडात आहे. २०२० मध्ये सगळ्यात भारी तीन खेळाडूंची स्पर्धा झाली ती जेनिंग्जने जिंकली, त्याच वर्षी नोव्हेंबरात ट्रेबेक वारले, आणि ज्या पोडियमसमोर हा उभा राहायचा त्याच्या पलीकडच्या बाजूला आता तो स्वतः सूत्रसंचालक म्हणून उभा असतो. आणि ह्या सगळ्या काळात प्रश्न काढणं थांबवलं नाही. पाच प्रश्न द्यायचे, पाच उत्तरांमधला समान धागा ओळखायचा, असं त्याचं सदर अमेरिकेत कितीतरी वर्षं चालू होतं आणि सदराच्या नावातच त्याचं ‘केन’ गुंफलेलं. बघा, चौकटीला नाव असलं की कसं होतं.

सगळं तिकडे छान आणि इकडे वाईट असं म्हणायचं नाहीये मला. २०१३ च्या मार्चमध्ये एनएक्यूटीने हार्वर्डच्या टीमची चार जेतेपदं काढून घेतली. टीममधला एकजण त्यांच्यासाठी शाळेच्या स्पर्धांचे प्रश्न लिहायचा, त्यामुळे त्याच्याकडे वेबसाइटचं लॉगिन होतं, आणि ज्या स्पर्धेत तो स्वतः खेळणार तिच्या प्रश्नांची सुरुवातीची अक्षरं दिसत होती ते पान त्याने उघडलं होतं. आधीच सांगितलं ना, पिरॅमिडमध्ये सुरुवात म्हणजेच सगळं. पण सापडलं कसं? कोण लिहितो, कोणी काय उघडलं, ह्याची नोंद होती म्हणून. आपल्याकडच्या स्पर्धेत प्रश्न आयोजकांच्या मेहुण्याने आणले असतील तर कोणाला कधी कळणार सांगा.

आणि आपल्याकडे परंपरा नाही असं पण नाही. कोलकात्यात नील ओब्रायन यांनी १९६७ मध्ये एका चर्चच्या हॉलमध्ये देशातली पहिली खुली क्विझ घेतली, १९७२ पासून बोर्नव्हिटा क्विझ रेडिओवर, १९८३ मध्ये बंगळुरूला कर्नाटक क्विझ असोसिएशन निघाली, त्यांची महाक्विझर अनेक शहरांत एकाच वेळी होते, एकट्याने बसून ९० मिनिटांत १५० प्रश्न, मी दोनदा देऊन तोंडावर पडलोय. ‘युनिव्हर्सिटी चॅलेंज’ ह्या कॉलेजांच्या ब्रिटिश टीव्ही क्विझची भारतातली आवृत्ती सिद्धार्थ बसू घ्यायचे, तिचं पहिलं पर्व २००४ मध्ये मुंबईच्या सरदार पटेल इंजिनिअरिंग कॉलेजने जिंकलं, अंधेरीचं कॉलेज, आणि मग केंब्रिजच्या टीमला हरवलं. किती मराठी पोरांना हे माहितीय? २०२४ मध्ये जेपर्डीच्या विजेत्यांची स्पर्धा योगेश राऊत नावाच्या माणसाने जिंकली तेव्हा माझ्या मावशीने आडनाव ऐकूनच आनंदाने पेढे आणायला सांगितले, गाव कुठलं ते नंतर बघू म्हणाली.

पण हे सगळं इंग्रजीत. मराठीत चांगला प्रश्न कसा काढायचा ह्याची आपल्याकडे सवयच लागलेली नाही, कारण मराठीत प्रश्न काढणारा म्हणजे कोणी नाहीच. क्विझमास्टरला फेटा, मानधन, फोटो. प्रश्न ‘टायपिंग करून आणले’ एवढंच. आता तर नवीनच निघालंय, मागच्या दिवाळीत एका संयोजकांनी मला फोन करून सांगितलं की ह्या वर्षी तुम्हाला त्रास देत नाही, एआयला सांगितलं की पन्नास प्रश्न दोन मिनिटांत मिळतात. मी म्हटलं पाठवा बघू मला. पाठवले. पन्नासातले निम्मे राजधान्या आणि ‘शोध कोणी लावला’, एक प्रश्न दोनदा, आणि सदतिसावा कुठला होता सांगू? भारताचा राष्ट्रीय खेळ. मी कपाळावर हात मारून घेतला. तो बिचारा तरी काय करणार, नेटवर जे पडलंय तेच तो शिकला असणार, आणि नेटवर आपणच वर्षानुवर्षं बिननावाचे प्रश्न टाकत आलोय.

तर मागणी. चौकटीच्या खाली बारीक अक्षरात ‘प्रश्न:’ असं लिहून पुढे नाव टाका. फोटो नको. मानधन दिलंत तर उत्तमच, पण आधी नाव. नाव आलं की माणूस उत्तर चार ठिकाणी तपासेल, त्याला गावातले लोक रस्त्यात थांबवून चूक काढतील, मग पुढच्या रविवारी तो जास्त घाबरून जास्त चांगला प्रश्न काढेल. शाळांच्या स्पर्धांच्या बातम्या छापता तेव्हा पण प्रमुख पाहुणे, अध्यक्ष, आभार प्रदर्शन कोणी केलं इथपर्यंत सगळं असतं, त्यात एक ओळ प्रश्न कोणी काढले त्याची टाका. संयोजकांना बातमीत ती ओळ भरायची आहे म्हटल्यावर कोणीतरी माणूस शोधावाच लागेल, मेहुण्याचं नाव टाकायला लाज वाटेल. आणि चूक झाली तर पुढच्या आठवड्यात दुरुस्ती, त्याच चौकटीत, उत्तरांसारखी उलट्या अक्षरांत नाही, सरळ.

सोबत पाच प्रश्न पाठवतोय, लोणारचा त्यातलाच. छापा किंवा नका छापू. पण राज्यफुलाचा प्रश्न पुन्हा कधी घेतलात तर उत्तराच्या जागी एवढं करा: ताम्हण, तामण किंवा जारूळ, तिन्ही मान्य. ती मुलगी आता नववीत आहे, तिच्याकडे तुमचाच पेपर येतो.

कळावे,
आपला एक जुना वाचक,
सांगली